कन्व्हर्टर घेताना भावाआधी 'स्टॉल' विचारा



ऊस विकास अधिकाऱ्याने लागणीच्या तारखा सांगाव्यात, बेणेप्रक्रियेचा आग्रह धरावा, हुमणीवर चार ओळी लिहाव्यात. यंत्राच्या पोटात हात घालण्याचे त्याला कारण काय, असे आमच्याच खात्यातले काही जण म्हणतील. म्हणोत बापडे. आमचे शिक्षण शेतीच्या डिप्लोम्याचे, इंजिनिअरिंगचे नव्हे, हे आम्ही आधीच कबूल करतो. पण गट ऑफिसात बसल्यावर आमच्यापुढे जी गाऱ्हाणी येतात त्यांत खोडव्याच्या फुटव्याइतकीच आता यंत्रांचीही असतात. उसाच्या बिलातून आणि बँकेच्या कर्जातून सभासदांच्या पोरांनी पिवळी मशिने घेतली. शेततळे खोदायचे, पाट उपसायचे, मळीखत भरायचे, रस्त्याची माती ओढायची, सगळ्याला हेच मशीन. (आपण सगळ्याच कंपन्यांच्या मशिनांना 'जेसीबी' म्हणतो. ते जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज माणसाचे नाव. १९४५ साली त्याने धंदा सुरू केला. एका माणसाचे नाव आपल्याकडे सामान्यनाम होऊन बसले, वनस्पती तुपाला डालडा म्हणतात तसे.) आणि मशीन बंद पडले की हप्ता मात्र बंद पडत नाही.

या मशिनांत आणि आपल्या यार्डातल्या लोडरमध्ये इंजिन व गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. तो बदलण्याची वेळ आली की आपण काय करतो? चार ठिकाणी भाव विचारतो आणि सगळ्यात स्वस्त तो उचलतो. आमचे स्पष्ट मत असे की या एका वस्तूच्या बाबतीत ही रीत सभासदांना बुडवते आहे आणि कारखान्यालाही महाग पडणार आहे. ते मत कशावरून झाले ते सांगतो.

आमच्या गटातल्या एका सभासदाचे उदाहरण घ्या. नाव लिहीत नाही, वाचताना त्यांना कळेलच. दोन एकर आडसाली, तीन एकर खोडवा, आणि मुलाच्या नावे जुने मशीन कर्जाने घेतलेले. मशीन गरम होऊ लागले, ढिगात बकेट घातली की नुसते घुमायचे, पुढे रेटायचे नाही. एका गॅरेजवाल्याने सांगितले, कन्व्हर्टर गेला. शहरातल्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून निम्म्या भावात एक आणला. "तोंड जुळतंय, भोकं जुळतायत, मग न बसायला काय झालं?" असे म्हणून बसवलाही. बेल हौसिंग आणि इंजिन यांच्यात बोटभर फट राहत होती, ती बोल्ट आवळून आवळून मिटवली. चावी फिरवली, एक कर्कश आवाज झाला आणि गिअरबॉक्सचा तेलपंप फुटला. निम्म्या भावातला कन्व्हर्टर, वर पंप, वर पुन्हा उतरवण्याची मजुरी, वर ऐन मुरूम-मातीच्या कामाच्या दिवसांत उभे राहिलेले मशीन. त्या घरातली बाई गट ऑफिसात येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "साहेब, यंदाचं खोडव्याचं बिल मशीनच खाणार." त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. उत्तर मिळाले ते चिंचणीला.

आपल्याकडे चिंचणी म्हटले की कडेगाव तालुक्यातली नाहीतर तासगावची आठवते. ही ती नव्हे. ही समुद्रकाठची, पालघर जिल्ह्यातली, डहाणू तालुक्यातली. बोईसर स्टेशनाला उतरून तारापूरच्या अंगाने जायचे. आमचे साडू तिथे राहतात. उसाचे तिथे नाव नाही. चिकू, नारळ, भात, भाजीपाला आणि मासळी. एका बाजूला तारापूरचे अणुवीज केंद्र, १९६९ सालापासून वीज देणारे, दुसऱ्या बाजूला बोईसरची औद्योगिक वसाहत. घराघरांत मात्र एक वेगळाच धंदा दिसतो: दागिन्यांच्या डाय कोरण्याचा. ओटीवर बसून पोलादाच्या ठोकळ्यात केसाएवढी नक्षी कोरणारी माणसे. हे सांगण्याचे कारण पुढे येईल.

मे महिन्यात लग्नाला म्हणून गेलो, तर साडूंचे मशीन वाडीत चिकूखाली ताडपत्री पांघरून उभे. दुखणे तेच. बोईसरच्या वसाहतीत काम करणारा एक फिटर सुटीच्या दिवशी ते उघडायला येणार होता. लग्नघरातली मंडळी पत्ते कुटत बसली आणि आम्ही दीड दिवस त्या फिटरच्या शेजारी पालथ्या घमेल्यावर बसून राहिलो. घरातून जेवायला हाका आल्या, बोलणीही बसली. पण दोन वर्षे जे कळत नव्हते ते त्या दीड दिवसात कळले.

आधी हे यंत्र करते काय, ते आपल्या भाषेत सांगतो. ट्रॅक्टरच्या क्लचमध्ये प्लेट प्लेटीला घासून धरते. कन्व्हर्टरमध्ये कोणीच कोणाला धरत नाही. बंद डब्यात तेल भरलेले असते. इंजिनाकडची पात्यांची थाळी, तिला पंप किंवा इम्पेलर म्हणतात, ते तेल जोराने फेकते. समोर गिअरबॉक्सच्या दांड्यावर दुसरी थाळी, टर्बाइन, तिच्या पात्यांवर ते तेल आदळते आणि तिला फिरवते. इतक्यावर थांबले तर ते नुसते फ्लुइड कपलिंग झाले. कारखान्यांत कन्व्हेयरला ते बसवतात. अडकून तापले की त्यातला फ्युजिबल प्लग वितळतो, तेल बाहेर पडते आणि मोटर वाचते. कन्व्हर्टरमध्ये मधोमध तिसरी गोष्ट असते, स्टेटर. पाटाच्या वळणावर फरशी तिरपी लावली की उलटे येणारे पाणी फिरून पुन्हा पुढच्या दिशेला लागते, तसे टर्बाइनमधून उलट फिरून आलेले तेल स्टेटर वळवतो आणि पंपाला मदत होईल असे परत देतो. त्यामुळे चाके अडलेली असताना इंजिनाचा पीळ, म्हणजे टॉर्क, दुपटीच्या आसपास वाढून गिअरबॉक्सला मिळतो. वेग आला की स्टेटरची गरज संपते. तो सायकलच्या फ्रीव्हीलसारख्या क्लचवर बसवलेला असल्याने तेलाबरोबर मोकळा फिरू लागतो.

ही कल्पना हेरमान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याची. १९०५ साली त्याने पेटंट घेतले, तेही जहाजांसाठी. टर्बाइनचा वेग फार आणि जहाजाच्या पंख्याला हवा कमी, ही त्याची अडचण होती. मोटारीत ती यायला पुढे चाळीसेक वर्षे गेली. पण हे ज्ञान परदेशीच आहे असे समजून हात जोडायचे कारण नाही. भारतीय रेल्वेतले अभियंते मन मोहन सुरी यांनी डिझेल इंजिनांसाठी तेलाची आणि दात्यांची जोड घालून 'सुरी ट्रान्समिशन' काढले. सरकारने त्यांना १९६१ साली पद्मश्री दिली. त्यांच्या पद्धतीची ट्रान्समिशन्स पुण्याजवळ हडपसरला किर्लोस्कर न्यूमॅटिकमध्ये तयार होऊन शंटिंगच्या इंजिनांत बसली. हेच सुरी पुढे दुर्गापूरच्या संशोधन संस्थेचे प्रमुख झाले आणि तिथे जो ट्रॅक्टर आखला गेला तो १९७४ मध्ये 'स्वराज' म्हणून बाजारात आला. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या दारात तो उभा आहे. सुरुवातीचा ओढा तेलावर आणि वेग आला की थेट दात्यांवर, ही त्यांची दृष्टी ज्याने समजून घेतली त्याला कन्व्हर्टर कुठे हवा आणि कुठे नको हे वेगळे सांगावे लागत नाही.

आता निवडीकडे येऊ, कारण खरे नुकसान तिथे होते. चिंचणीला दुकानदाराने पाठवलेला कन्व्हर्टर त्या फिटरने हातात घेतला, पट्टी लावली आणि खाली ठेवला. "हा नाही चालायचा." साडू म्हणाले, भोके तर जुळतात. तो म्हणाला, "भोकं जुळणारच हो. पण हा बारा इंची आहे, तुमचा अकरा." एका इंचाने काय बिघडते, असे आम्हालाही वाटले. बिघडते ते असे. कन्व्हर्टर इंजिनाचा किती पीळ पचवतो हे त्याच्या व्यासाच्या पाचव्या घातावर आणि वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. बाराला अकराने भागा आणि तो आकडा पाच वेळा एकमेकाने गुणा. दीडाच्या थोडे वर येते. म्हणजे पात्यांची घडण तीच धरली तर त्याच आरपीएमला एक इंच मोठा कन्व्हर्टर इंजिनावर दीडपट ओझे टाकतो.

यालाच धरून 'स्टॉल' हा शब्द आहे. चाके जखडून ठेवली आणि पुरा ॲक्सिलरेटर दिला तर इंजिन जास्तीत जास्त ज्या आरपीएमपर्यंत चढते तो स्टॉल स्पीड. समजा अकरा इंचीवर आपले इंजिन १,९०० पर्यंत चढत होते, तर बारा इंचीवर ते १,५०० च्या आसपासच दबेल. मग काय होते? लोडरचा हायड्रॉलिक पंप त्याच इंजिनावर चालतो. ढिगात घुसताना इंजिन दबले की बकेट उचलायला वेळ लागतो, काळा धूर निघतो, ऑपरेटर म्हणतो इंजिनात दम नाही, आणि मालक विनाकारण नोझल नाहीतर पंपाचे काम काढतो. उलट लहान व्यासाचा, मोटारीतला वगैरे 'ढिला' कन्व्हर्टर बसवला तर इंजिन घुमते जोरात, पण ढीग हलत नाही. सगळी ताकद तेल तापवण्यात जाते. डिझेल इंजिनाचा पीळ खालच्या आरपीएमलाच भरात असतो, म्हणून पेट्रोल गाडीचा कन्व्हर्टर त्याच्यामागे लावणे म्हणजे बैलाला घोड्याचा लगाम. आणखी एक गोष्ट: स्टॉलचा आकडा त्या कन्व्हर्टरवर कायमचा कोरलेला नसतो. जास्त ताकदीच्या इंजिनामागे तोच कन्व्हर्टर जास्त आरपीएमला स्टॉल होतो. म्हणून विकणारा जेव्हा "अठराशेचा आहे" म्हणतो तेव्हा पुढे विचारायचे, कोणत्या इंजिनामागे? उत्तर मिळाले नाही तर दुकान सोडायचे.

तेल तापणे म्हणजे किती, याचा आम्ही एक अडाणी हिशेब केला. चाके अडलेली असतील तर कन्व्हर्टरमध्ये शिरलेली सगळी शक्ती उष्णता होते. पन्नास अश्वशक्ती धरली तर सदतीस किलोवॅट; दोन किलोवॅटच्या अठरा शेगड्या एकाच डब्यात पेटवल्या असे समजा. तेल १५ लिटर धरले आणि कूलरचा भाग सोडून दिला तर अर्ध्या मिनिटात तेल चाळीस अंशांनी चढते. आपला ऑपरेटर दुसऱ्या गिअरमध्ये भुशाच्या ढिगाला टेकून मिनिट मिनिट रेटत उभा असतो तेव्हा आत काय शिजत असेल ते यावरून कळावे.

म्हणून ऑपरेटरचाच सगळा दोष, असे आमच्या वर्कशॉपमधले काही मित्र म्हणतात. अर्धे खरे आहे. पहिल्या गिअरमध्ये घुसावे, चाके अडली की लगेच सोडावे, बकेट उचलताना लिव्हरवरचे बटण दाबून ड्राइव्ह तोडावा, हे त्याला शिकवले पाहिजे. पण शिकवले कोणी? उसतोड कामगाराच्या कोयत्याला धार कशी असावी यावर आम्ही मेळावे घेतो. लाखो रुपयांच्या मशिनावर बसवताना पोराला फक्त 'चालवता येतं ना' एवढेच विचारतो.

पुन्हा वाडीत येऊ. दुसऱ्या दिवशी सकाळी बरोबर मापाचा कन्व्हर्टर आला. आम्हाला वाटले आता तासाभरात बसेल. त्या गड्याने दुपारपर्यंत तो हातातही घेतला नाही. आधी कूलर आणि त्याच्या नळ्या धुतल्या. जुन्या कन्व्हर्टरच्या आतल्या भागांचा चुरा तिथे बसलेला असतो. तो तसाच ठेवला तर नवा कन्व्हर्टर पहिल्या दिवसापासून तेच पाणी पितो. कूलरमधून निघालेले तेल त्याने पांढऱ्या फडक्यावर ओतून उन्हात धरले. चांदीसारखी चकाकी दिसली तर ॲल्युमिनियम, म्हणजे बहुधा कन्व्हर्टरच्या पोटातले. काळा करपट गाळ दिसला तर गिअरबॉक्समधल्या क्लच प्लेटी जळालेल्या. दुसरे असते तर नुसता कन्व्हर्टर बदलणे फुकट होते. मग इंजिनाकडची ड्राइव्ह प्लेट बोल्टच्या भोकांभोवती तडे आहेत का ते पाहिली, दोन्ही हौसिंगना जुळवणाऱ्या डॉवेल पिना जागेवर आहेत का ते पाहिले. तेलाचे सील नवे घातले.

त्यानंतर कन्व्हर्टरमध्ये थोडे तेल ओतून तो गिअरबॉक्सच्या दांड्यावर चढवला. इथेच आमच्या सभासदाचे घर बुडाले होते, म्हणून नीट सांगतो. कन्व्हर्टर एकदम आत जात नाही, तीन ठिकाणी जुळावा लागतो: टर्बाइनचे दाते दांड्यावर, स्टेटरचे दाते त्याच्या स्थिर नळीवर, आणि मागची खाच तेलपंपावर. हलका दाब ठेवून हाताने फिरवत राहायचे. प्रत्येक जुळणीला एकेक 'खट' आवाज येतो आणि कन्व्हर्टर आत सरकतो. त्या दिवशी दोनदा आवाज आला आणि आम्ही म्हटले, बसला. फिटर म्हणाला, "मोजल्याशिवाय नाही."

मोजायला अचूक माप हवे होते. साडूंच्या शेजारी एक डाय कोरणारे गृहस्थ. त्यांच्याकडून व्हर्नियर आणला. त्यांनी तो देताना तीनदा बजावले की ग्रीसचे हात लावू नका. बेल हौसिंगच्या तोंडावर सरळ पट्टी आडवी धरून कन्व्हर्टरचे बोल्टचे कान किती खोल आहेत ते मोजले. इंजिनाच्या तोंडापासून ड्राइव्ह प्लेट किती बाहेर आहे ते मोजले. पहिल्यातून दुसरे वजा केले की दोन्ही हौसिंग टेकल्यावर मध्ये किती मोकळीक राहील ते कळते. साधारण एक ते दीड सूत, म्हणजे तीन ते पाच मिलिमीटर राहावी. नक्की आकडा त्या मशीनच्या पुस्तकात असतो. आमची वजाबाकी उणे आली. याचा अर्थ पंपाची खाच अजून जुळलीच नव्हती. बोल्ट आवळले असते तर कन्व्हर्टर मागे रेटला जाऊन पंप फुटलाच असता, आमच्या सभासदाचा फुटला तसा. फिटरने पुन्हा फिरवायला घेतले. पाच मिनिटे, दहा मिनिटे, चहा झाला, मग तिसरा 'खट' आला आणि कन्व्हर्टर चांगला अर्धा-पाऊण इंच आत गेला. आम्ही लग्नात वाजवल्या नसत्या एवढ्या टाळ्या तिथे वाजवल्या.

गिअरबॉक्स उचलताना कन्व्हर्टर पुढे घसरू नये म्हणून त्याने लोखंडी पट्टी आडवी बांधली. हौसिंग हौसिंगला हाताने टेकवली, बोल्टने ओढून नव्हे. टेकल्यावर कन्व्हर्टर बोटांनी मोकळा फिरतो का ते पाहिले. फिरत नसेल तर परत मागे यायचे, तिथे भिडेला बळी पडायचे नाही. मगच तो पुढे ओढून ड्राइव्ह प्लेटला जुनेच, बरोबर लांबीचे बोल्ट लावले. लांब बोल्ट घातला तर कन्व्हर्टरच्या पत्र्याला आतून फुगा येतो, हेही त्याने सांगितले. तेल पुस्तकातले, दुकानदाराच्या आवडीचे नव्हे. सुरू करून पातळी पाहिली, पुन्हा भरले, गरम झाल्यावर पुन्हा पाहिली.

सगळ्यात शेवटी स्टॉल टेस्ट. चाकांना ओंडके, ब्रेक दाबून, पुढे कोणी उभे नाही, तेल गरम झालेले, पुस्तकात दिलेला गिअर, पुरा ॲक्सिलरेटर, आरपीएमचा आकडा वाचला आणि काही सेकंदांत सोडून न्यूट्रलमध्ये थंड होऊ दिले. एवढ्याशा चाचणीने केवढे कळते पाहा. आकडा पुस्तकापेक्षा बराच कमी आला तर एक तर इंजिन कमजोर, नाहीतर स्टेटरचे फ्रीव्हील तुटून तो दोन्हीकडे फिरतो आहे. जास्त आला तर गिअरबॉक्समधला क्लच घसरतो किंवा तेल कमी आहे. आणि आकडा बरोबर असूनही रस्त्यावर मशीन वेग घेत नसेल व तापत असेल, तर स्टेटर जखडला आहे. कन्व्हर्टर न उघडता निदान होते. आपल्याकडे मात्र 'गरम होतंय' एवढ्यावर कन्व्हर्टर बदलला जातो. त्या सभासदाचा जुना कन्व्हर्टर खराब होता की नुसता कूलर तुंबला होता, हे आज कोणीच सांगू शकत नाही, कारण पाहिलेच नाही.

आता आमचे म्हणणे. यार्डातल्या लोडरचा कन्व्हर्टर बदलण्याचा विषय खरेदी समितीपुढे आहे आणि दरपत्रके मागवली आहेत. दरपत्रकाच्या नमुन्यात 'नग' आणि 'दर' असे दोनच रकाने आहेत. आमची विनंती अशी की तिसरा रकाना घालावा: आपल्या इंजिनामागे स्टॉल किती आणि पीळ किती पटीने वाढतो, हे पुरवठादाराने लेखी द्यावे. जो देणार नाही त्याचा दर कितीही कमी असो, बाजूला ठेवावा. कूलर धुण्याचा खर्च त्याच अंदाजपत्रकात धरावा. आणि बसवण्याची मजुरी ठोक देऊ नये, रोजावर द्यावी. यावर आमचे आणि हिशेब खात्याचे जमणार नाही हे ठाऊक आहे. रोजावर दिले की माणूस काम लांबवतो असे ते म्हणतात. लांबवू दे. ठोक घेतलेल्या माणसाला तिसऱ्या 'खट'ची वाट पाहण्यात काय फायदा? तो बोल्टच आवळणार.

बंद हंगामात आणि हंगामात महिन्यातून एकदा स्टॉलचा आकडा वहीत लिहावा. एवढी एक वही असती तर लोडर केव्हापासून ढिला पडत गेला हे आज तारखेनिशी सांगता आले असते. सभासदांच्या मशिनांसाठीही वर्कशॉपने ठरावीक दिवशी ही चाचणी करून द्यावी. जुने मशीन कर्जाने घेणाऱ्याने तर रंग आणि टायर पाहण्याआधी स्टॉल पाहावा. आम्ही सोसायटीच्या सचिवांनाही हे बोललो आहोत.

दोन गोष्टी जाता जाता, कारण विचारणा होते. पहिली: उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरला कन्व्हर्टर बसवून देतो, क्लच प्लेटचा खर्च वाचेल, असे सांगत काही जण फिरतात. वाफ्यातून निघताना फायदा होईल हे खरे. पण ट्रॅक्टर वर्षातले बरेच तास नांगरट आणि रोटाव्हेटरला एकसारख्या ओझ्याखाली चालतो. तिथे कन्व्हर्टर सतत थोडा घसरतो आणि डिझेलची उष्णता करतो. अमेरिकेत केस कंपनीने १९५० च्या दशकाच्या शेवटी असे ट्रॅक्टर काढले होते, पण त्यातही थेट ड्राइव्हची सोय ठेवावी लागली. मूळ यंत्रात ती सोय नसताना बाहेरून कन्व्हर्टर कोंबणे आम्हाला पसंत नाही. क्लच प्लेट जळते ती बहुधा पायाने. क्लचवर पाय ठेवून ट्रॅक्टर चालवणाऱ्याला कन्व्हर्टर देऊन सुधारता येत नाही. ऊसतोडणी यंत्राची चाके तर हायड्रॉलिक मोटरवर चालतात, तिथे कन्व्हर्टरचा प्रश्नच नाही. तो बदलायला हवा असे कोणी सांगितले तर त्याला दारातूनच परत पाठवा.

दुसरी: 'ऑटोमॅटिक' मोटार घेतलेल्या सभासदांनी. २०१४ नंतर आपल्या रस्त्यावर एएमटीच्या गाड्या आल्या, त्यांत साधाच क्लच असतो, फक्त तो यंत्र दाबते. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली तर तो क्लच जळतो. खरा कन्व्हर्टर असलेली गाडी तसे काही काळ सोसते, पण तेल तापवून. आपल्या गाडीत कोणते आहे ते पुस्तकात पाहावे.

त्या सभासदाने फुटलेला पंप आणि निम्म्या भावात घेतलेला कन्व्हर्टर आमच्या स्वाधीन केला आहे. वर्कशॉपमधल्या मित्रांनी तो मधोमध कापून दिला. पंप, टर्बाइन, स्टेटर तिन्ही दिसतात, स्टेटर एकीकडे फिरतो आणि दुसरीकडे अडतो तेही हाताने करून पाहता येते. शेतकी ऑफिसच्या व्हरांड्यात बेणे बागेच्या फलकाखाली ठेवला आहे. नोंदीसाठी आलात की पाहा, पोरांनाही घेऊन या. ऑफिसची वेळ सकाळी दहा ते सहा. रविवारी शिपाई उघडून देईल.

— ऊस विकास अधिकारी